हायडेलबर्गमधले पहिले पंधरा दिवस: रोज एक काम, रोज एक ठिकाण

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी संध्याकाळी मी जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या स्टेशनावर उतरले. दोन बॅगा, एक सॅक, आणि डोक्यात कॅलेंडरवरचं चित्र: नदी, दगडी पूल, वर डोंगराच्या कुशीत पडका राजवाडा. बाहेर आले तर समोर काचेच्या इमारती आणि ट्रामचे रूळ. क्षणभर वाटलं, चुकीच्या गावाला उतरलो.

इथं शिकायला येताना तुमचंही तसंच होईल, म्हणून आधीच सांगते. मुख्य स्टेशन १९५५ साली जुन्या जागेवरून पश्चिमेला हलवलं. जुनं गाव, म्हणजे आल्टश्टाट, तिथून दोनेक किलोमीटर पूर्वेला सुरू होतं. बॅगा ओढत चालत जायचा बाणेदारपणा मी केला, तुम्ही करू नका. जुन्या गावाच्या तोंडाशी असलेल्या बिस्मार्कप्लाट्झला जाणारी ट्राम पकडा. तिकीट आधी काढा. तपासनीस साध्या कपड्यांत येतात आणि बिनतिकिटाचा दंड ६० युरो आहे. 'नवीन आहे, माहीत नव्हतं' हे वाक्य त्यांनी तुमच्याआधी हजारांनी ऐकलेलं असतं.

दुसरी ठेच रविवारची. जर्मनीत रविवारी किराणा दुकानं बंद असतात, अगदी कडेकोट. माझा पहिला रविवार आईनं दिलेल्या चिवड्यावर निघाला. नंतर कळलं की स्टेशनातली दुकानं रविवारीही उघडी असतात. शनिवारी येणार असाल तर ट्राममध्ये बसण्यापूर्वी ब्रेड, दूध, अंडी, फळं घेऊन टाका. पाणी विकत घेऊ नका, नळाचं पाणी पिण्याचंच असतं.

आता मूळ मुद्दा. नवीन मुलं येतात आणि पहिल्याच शनिवार-रविवारात राजवाडा, पूल, चर्च, सगळं उरकून टाकतात. फोटो घरी जातात, आणि सोमवारपासून शहर म्हणजे खोली, ट्राम आणि वर्ग एवढंच उरतं. मी उलटं करायला सांगेन. पहिले पंधरा दिवस कागदपत्रांच्या कामांसाठी गावभर फिरावंच लागतं. त्या प्रत्येक कामाला वाटेवरचं एक ठिकाण जोडा. राजवाडा दुसऱ्या आठवड्यापर्यंत राखून ठेवा. तो १६९३ पासून पडलेलाच आहे, आठवड्याभरात कुठं जात नाही.

आधी नदी बघून घ्या

मी सांगलीची. आमच्याकडं गाव समजून घ्यायचं म्हणजे आधी नदी कुठं आहे ते बघायचं. इथंही तेच करा. नेकार नदी पूर्वेकडून पश्चिमेकडं वाहते. आल्टश्टाट तिच्या दक्षिण काठावर, नदी आणि क्योनिगश्टूल डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत आहे. त्यामुळं जुन्या गावात कुठंही हरवलात तरी चढ लागला की समजायचं दक्षिणेला चाललोय, उतार आणि वारा लागला की नदी आली. फोनवरचा नकाशा त्या अरुंद गल्ल्यांत गोंधळतो, हा नियम गोंधळत नाही.

पहिल्या मोकळ्या दुपारी हा फेरा मारा. बिस्मार्कप्लाट्झपासून उत्तरेला थेओडोर हॉइस पूल ओलांडा. पलीकडं डावीकडं नेकारवीझं नावाचं मोठं कुरण आहे. उन्हाचा दिवस असेल तर अर्धं विद्यापीठ तिथं पालथं पडलेलं दिसेल, सोबतीला हंस आणि बदकं. तुम्ही उजवीकडं वळा आणि पाण्याच्या कडेनं प्रवाहाच्या उलट दिशेनं चालत राहा. पलीकडच्या काठावर छपरं, चर्चचे मनोरे आणि वर राजवाडा हळूहळू उलगडत जातो. या काठावरच्या एका घरावर कवी इक्बाल यांच्या नावाची पाटी आहे. १९०७ मध्ये ते इथं जर्मन शिकत होते. नदीकाठच्या एका रस्त्यालाही त्यांचं नाव आहे, इक्बाल-उफर.

वीसेक मिनिटांत जुना पूल येतो. तो ओलांडा, कमानीखालून गावात शिरा आणि हाउप्टश्ट्रासे या मुख्य रस्त्यानं परत बिस्मार्कप्लाट्झला या. वाहनं नसलेला हा रस्ता दीड किलोमीटरहून लांब आहे. सगळा फेरा साडेतीन-चार किलोमीटरचा. दुकानात शिरला नाहीत तर दीड तास पुरतो.

पुलावर मात्र थांबा. लोक पुलाच्या टोकाशी असलेल्या काशाच्या माकडापाशी गर्दी करतात. १९७९ सालचं माकड आहे, हातात आरसा. आरशाला हात लावला की पैसा, बोटांना लावला की हायडेलबर्गला परत येणं, शेजारच्या उंदरांना लावला की मुलंबाळं, अशी समजूत. मी बोटांना लावून आले, उंदरांना लांबूनच नमस्कार.

माझा पाय अडकला तो दुसरीकडं. पुलाच्या दगडावर आडव्या रेघा आणि साल कोरलेली आहेत. जर्मन येत नसलं तरी सांगलीच्या माणसाला ते एका नजरेत कळतं: पुराची पातळी. आमच्याकडं पावसाळ्यात सकाळी पहिला प्रश्न 'आयर्विन पुलाला पाणी किती फूट?' हाच असतो. २०१९ ला ५७ फुटांवर गेलेली कृष्णा मी गच्चीवरून बघितलीय. इथं पावसाइतकंच भय बर्फाचं असायचं. फेब्रुवारी १७८४ मध्ये नदीवरचा बर्फ फुटून आला आणि त्यानं आधीचा लाकडी पूल नेला. मग कार्ल थेओडोर या इथल्या राज्यकर्त्यानं १७८८ पर्यंत हा दगडी पूल बांधून घेतला. मार्च १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानंच त्याच्या कमानी उडवल्या, आणि १९४७ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. आपण 'जुना पूल' म्हणतो त्यातला काही भाग आपल्या आजोबांच्या वयाचा आहे.

कागदपत्रं, आणि टपालपेटीवरचं नाव

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या नागरिक कार्यालयात, ब्युर्गरआम्टमध्ये, पत्ता नोंदवावा लागतो. या नोंदणीला आनमेल्डुंग म्हणतात आणि पुढची बरीच कामं तिच्यावर अडून असतात. पासपोर्ट आणि घर देणाऱ्याच्या सहीचा ठरावीक फॉर्म सोबत न्यायचा. नुसता भाडेकरार चालत नाही. विद्यार्थ्यांची झुंबड ऑक्टोबरमध्येच असते, तेव्हा वेळ भारतातूनच ऑनलाइन घेऊन ठेवा. निवास परवान्याच्या कचेरीची वेळही व्हिसा संपत येईपर्यंत लांबवू नका.

या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. इथल्या पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन टपालपेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत. माझ्या पेटीवर आधीच्या मुलाचं नाव होतं. घरमालक 'लावतो, लावतो' म्हणत राहिले आणि विम्याचं पत्र दोनदा परत गेलं. बँकेचं कार्ड, त्याचा पिन, कर क्रमांक, सगळं कागदी टपालानं येतं. म्हणून खोलीची किल्ली हातात पडली की पहिल्या तासात कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहा आणि चिकटपट्टीनं पेटीवर आणि घंटीवर लावा. पासपोर्टवर आहे तेच स्पेलिंग.

काही आठवड्यांत रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं. घरात टीव्ही नसला तरी ते भरायचं असतं. महिन्याला १८.३६ युरो, पण माणशी नाही, घरामागं. चौघं मिळून राहत असाल तर एकानं भरून वाटून घ्यायचं. पत्र केराच्या टोपलीत टाकलं तर थकबाकी साठत जाते, आणि ती माफ होत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागं जातात. भारताशी साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं आणि पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो. बाहेरची कामं आणि भटकंती त्याआधी करून घ्या. आईलाही सांगून ठेवा, नाहीतर नेमक्या जेवणाच्या वेळी फोन येतो.

विद्यापीठाचा भाग: पंधरा मिनिटं उशीर हीच वेळ

विद्यापीठ १३८६ चं, आजच्या जर्मनीतलं सर्वांत जुनं. विज्ञान आणि वैद्यकीयवाल्यांचा बहुतेक मुक्काम नदीपलीकडच्या नोइनहायमर फेल्डमध्ये असतो आणि त्यातले काही जण जुन्या गावात फक्त पाहुणे आले की येतात. तसं करू नका. विद्यार्थी ओळखपत्र हाती आलं की त्याच दिवशी आल्टश्टाटमध्ये या.

वेळापत्रकात वेळेपुढं 'सी. टी.' लिहिलेलं असेल तर तास पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतो. दहा म्हणजे सव्वादहा. 'एस. टी.' असेल तर मात्र दहा म्हणजे दहा. आपल्याकडची एस. टी. डोळ्यांपुढं आणून हे लक्षात ठेवायला गेलात तर उलटं होईल.

प्लोक नावाच्या रस्त्यावर विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, लाल वालुकाश्माची १९०५ ची इमारत. हा रस्ता सायकलवाल्यांचा. चालताना फोनमध्ये डोकं घातलंत तर घंटी आधी आणि शिवी नंतर ऐकू येईल. ग्रंथालयाची गोष्ट एका चर्चपासून सुरू होते. बाजार चौकातल्या हायलिगगाइस्ट चर्चच्या सज्जांवर एके काळी युरोपातला एक नामांकित ग्रंथसंग्रह होता, बिब्लिओथेका पालाटिना. तीस वर्षांच्या युद्धात १६२२ मध्ये शहर पडलं आणि जिंकणाऱ्यांनी तो संग्रह पोपला भेट देऊन टाकला. पुस्तकं खेचरांवर लादून आल्प्स ओलांडून रोमला गेली. १८१६ मध्ये ८४७ जर्मन हस्तलिखितं परत आली, बाकीचा बराचसा ठेवा आजही व्हॅटिकनमध्ये आहे. कोडेक्स मानेसे हे मध्ययुगीन गीतांचं सचित्र हस्तलिखित तर पॅरिसला पोचलं होतं, ते १८८८ मध्ये परत मिळालं. ते कपाटातून क्वचितच बाहेर काढतात, पण ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर पान न पान बघता येतं.

त्याच चर्चमध्ये १७०६ पासून १९३६ पर्यंत, मधले थोडे खंड सोडले तर, एक भिंत उभी होती. एका बाजूला कॅथलिक, दुसऱ्या बाजूला प्रोटेस्टंट. भावाभावांनी वाडा वाटून घ्यावा आणि माजघरात वीट चढवावी, तसं. आत गेलात तर मधोमध उभं राहून वर बघा, एवढ्या उंच जागेत भिंत घालणाऱ्यांच्या चिकाटीचं आश्चर्य वाटतं.

चर्चसमोर हाउस त्सुम रिटर ही नक्षीदार इमारत आहे, १५९२ ची. तिचं महत्त्व दिसण्यापेक्षा टिकण्यात आहे. १६९३ मध्ये फ्रेंच सैन्यानं शहर जाळलं, त्यातून वाचलेल्या मोजक्या घरांतलं हे एक. बाकीचं गाव त्यानंतर पुन्हा बांधलं, पण जुन्याच आखणीवर. म्हणजे गल्ल्या मध्ययुगातल्या आणि घरं बहुतेक अठराव्या शतकातली. हे एकदा कळलं की गाव वाचता येतं: रस्ता वाकडा का, तर तो जुना आहे म्हणून, दर्शनी भिंत इतकी सरळ का, तर ती नंतरची आहे म्हणून.

ऑगस्टिनरगासेमध्ये विद्यार्थ्यांचा तुरुंग आहे, श्टुडेंटेनकार्त्सर. रात्री दंगा, दारू, मारामारी, असल्या गुन्ह्यांसाठी विद्यापीठ स्वतःच कैद द्यायचं. १७७८ पासून १९१४ पर्यंत इथं पोरं डांबली जात. तासांना मात्र जायची मुभा. पुढं पुढं कार्त्सरमध्ये न बसता पदवी घेणं म्हणजे कमीपणा वाटू लागला. भिंती-छतांवर त्यांनी काजळीनं आणि रंगानं काढलेली आपापली चित्रं, टोप्या, नावं, तारखा अजून आहेत. तिकीट थोडं आहे, पण काढाच.

दुपारी मार्शटालच्या मेन्झामध्ये जेवा. जुनं शस्त्रागार होतं, आता विद्यार्थ्यांचं भोजनगृह. ताट वजनावर असतं. उकडलेले बटाटे आणि रस्सा ताट जड करतात, कोशिंबीर हलकी. पहिल्या दिवशी मी भाताचा डोंगर घेतला आणि वजनकाट्यावरचा आकडा बघून जेवणाची चवच गेली.

जिथं घाई करायची नाही

विद्यापीठाच्या चौकातून तुम्ही रोज जाल. नाझी राजवटीत, १७ मे १९३३ ला, याच चौकात पुस्तकं जाळली, आणि जाळणाऱ्यांत विद्यार्थी पुढं होते. जमिनीत एक पाटी आहे, पायाखाली येते, शोधून बघा. गल्ल्यांमध्ये घरांच्या दारांपुढं तळहाताएवढे पितळी चौकोन बसवलेले दिसतील. प्रत्येकावर एक नाव, जन्मसाल, आणि त्या माणसाला कधी आणि कुठं नेलं ते. काहींवर २२ ऑक्टोबर १९४० ही तारीख आहे. त्या दिवशी इथल्या ज्यूंना गाड्यांत भरून दक्षिण फ्रान्समधल्या गुर्स छावणीत नेलं. सत्र सुरू होतं त्याच सुमारास ही तारीख येते. वाचायला वाकावं लागतं. वाका.

पहिला कोरडा रविवार: उत्तरेचा डोंगर

जुन्या पुलाच्या उत्तर टोकाला रस्ता ओलांडला की भिंतींमधून वर जाणारी वाट दिसते, श्लांगेनवेग, म्हणजे सापवाट. दगडी पायऱ्या, चढ खडा, ओल्या पानांवरून पाय घसरतो. चपला-सँडल नकोत. वर फिलोझोफेनवेग लागतो आणि कॅलेंडरवरचं चित्र अखेर समोर येतं. गुडघे कुरकुरत असतील तर नोइनहाइमच्या बाजूनं डांबरी रस्त्यानं चढा; चढ तिथंही आहे, पायऱ्या नाहीत.

बहुतेक जण इथून परततात. तुम्ही तासभर आणखी चढून हायलिगेनबेर्गच्या माथ्यावर जा. झाडीत केल्टिक लोकांच्या तटबंदीचे अवशेष आहेत, मठाचे भग्न मनोरे आहेत, आणि मधेच अचानक एक प्रचंड दगडी प्रेक्षागृह. थिंगश्टेटं, १९३५ मध्ये नाझींनी बांधलेलं. आज तिथं गवत, शांतता, आणि पायऱ्या चढत व्यायाम करणारी एखादी मुलगी. माथ्यावर खायला काही मिळेलच असं धरू नका, पोळीचा रोल करून न्या.

स्वयंपाक, शेजारी आणि बाटल्या

खोलीतल्या, धूर झाला की बोंबलणाऱ्या यंत्राची फोडणीशी जन्मजात दुश्मनी आहे. खोलीतच स्वयंपाकाचा ओटा असेल तर आधी खिडकी पूर्ण उघडा, मग तेल तापवा, मोहरी तडतडली की लगेच झाकण. मिरच्यांची फोडणी सार्वजनिक स्वयंपाकघरातच द्या. रात्री दहानंतर आणि रविवारी आवाज चालत नाही, त्यात मिक्सर आलाच. चटणी शनिवारी वाटून ठेवा.

बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्यांवर आणि पेयांच्या डब्यांवर २५ सेंट अनामत असते, फांट म्हणतात. रिकामी बाटली न चेपता दुकानातल्या यंत्रात घातली की पावती येते, ती गल्ल्यावर दाखवायची. बाकीच्या काचा रस्त्यावरच्या टाक्यांत टाकायच्या, पण रविवारी नाही. खणखणाट होतो ना.

आता राजवाडा

दुसऱ्या आठवड्यातला कामाचा दिवस निवडा, दुपारी चारनंतर. कोर्नमार्क्टवरून डोंगरी रेल्वे वर जाते; अंगणाच्या तिकिटात तिचा खालच्या टप्प्याचा प्रवास धरलेला असतो. पायी जायचं तर तीनशेच्या वर पायऱ्या. पैसे नसतील तर फक्त बागेत जा, तिथल्या सज्जावरून गाव आणि नदी एका दमात दिसते, त्याला तिकीट नाही.

फ्रेंच सैन्यानं १६८९ आणि १६९३ मध्ये तो उडवला. डागडुजी चालू असताना १७६४ मध्ये वीज पडली आणि मग नाद सोडला. लोक दगड काढून घरं बांधू लागले. तो लुटीतून वाचवला तो शार्ल द ग्राँबेर्ग यांनी, आणि तेही फ्रेंचच. तळघरात १७५१ चा दारूचा लाकडी पिंप आहे, सुमारे २ लाख २० हजार लिटरचा, वर नाचायला फळ्या ठोकलेल्या. त्याच्यासमोर पेर्केओ नावाच्या बुटक्या विदूषकाचा पुतळा. पिंपापाशी जास्त वेळ घालवू नका. फुटलेल्या बुरुजाकडं जा. भिंतीचा एक अख्खा कापा सुटून खंदकात कलला आहे, आणि जाडी इतकी की त्यावर आपलं स्वयंपाकघर मावेल. आमच्या भागातल्या किल्ल्यांच्या पडझडीची सवय असूनही मी तिथं गप्प उभी राहिले.

आणि बेर्गहाइममधलं एक कपाट

हे कुठल्याही पर्यटन नकाशावर नाही. बिस्मार्कप्लाट्झपासून पश्चिमेला, चालत दहा-पंधरा मिनिटांवर फोसश्ट्रासेमध्ये विद्यापीठाचं आशिया केंद्र आहे, २०१९ मध्ये सुरू झालेलं. १९६२ ची दक्षिण आशिया संस्था आता तिथंच असते. गुंथर सोन्थायमर याच संस्थेतले. हा माणूस महाराष्ट्रात माळरानं आणि जत्रा तुडवत फिरला, धनगरांच्या ओव्या गोळा केल्या, आणि १९७६ मध्ये जर्मनमध्ये बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबावर ग्रंथ लिहिला.

मी वेगळ्याच विषयाची, तिथं गेले ते थंडी होती म्हणून. कपाटातून पुस्तक काढलं आणि मुखपृष्ठावर बिरोबाचं नाव. आरेवाडीचा बिरोबा आमच्या जिल्ह्यातला. लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून, भंडाऱ्यानं पिवळी होऊन मी ती जत्रा बघितली आहे. जर्मन तेव्हा मला दुकानातल्या पाट्यांपुरतं येत होतं, तरी तासभर पानं उलटत बसले. मधेमधे ओळखीची गावं भेटत होती.

तिथं सकाळी जा, खिडकीजवळची जागा मिळते. कोट आणि बॅग वाचनकक्षात नेऊ नका, आणि लॉकरसाठी एक-दोन युरोचं नाणं खिशात असू द्या.